घोड्याच्या हॉकचा संधिवात : निदान झाल्यानंतरची व्यवस्था

नालबंदाला मागचा डावा पाय धरू न देणारी आमची घोडी हट्टी झाली आहे, असे आम्ही दोन हंगाम समजत होतो. सकाळी तबेल्यातून निघताना पहिली शे-दीडशे पावले ती आखडून टाकी, मग अंग गरम झाले की चाल मोकळी होई, आणि तोवर अलिबागच्या किनाऱ्यावर गिऱ्हाईक उभे राहिलेले असल्यामुळे त्या आखडलेल्या पावलांचा विचार करायला कोणाला सवड नसे. अखेर पशुवैद्यांनी क्ष-किरण छायाचित्र उजेडासमोर धरून मागच्या दोन्ही पायांच्या हॉकमध्ये, म्हणजे पायाच्या मधल्या मोठ्या सांध्यात, संधिवात असल्याचे सांगितले, तेव्हा घरात दोन तट पडले. एकाचे म्हणणे होते की घोडी आता कामातून गेली. दुसऱ्याचे म्हणणे होते की वयाचे दुखणे आहे, चार गोळ्या द्याव्यात आणि हंगाम काढावा. पुढच्या चार वर्षांत दोन्ही तट चुकीचे ठरले. हे दुखणे बरे होत नाही, हे खरे. परंतु घोड्याच्या दिवसाचे आणि विशेषतः वर्षाचे वेळापत्रक बदलण्याची मालकाची तयारी असेल, तर पुष्कळ घोडे त्या दुखण्यासह समाधानाची वर्षे काढतात. कोकण किनाऱ्यावर घोडे बाळगणाऱ्यांसाठी ते वेळापत्रक कसे बसवावे, हे येथे सांगितले आहे. औषधाच्या मात्रा मुद्दाम दिलेल्या नाहीत. त्या घोड्याला प्रत्यक्ष पाहणाऱ्या पशुवैद्यांनीच ठरवायच्या असतात.

बिघाड नेमका कुठे आहे

हॉक हा मागच्या पायाच्या मधोमध दिसणारा मोठा कोनाचा सांधा होय. बरेच लोक त्याला मागचा गुडघा म्हणतात, पण घोड्याचा खरा गुडघा त्याच्या वर, पोटाच्या कडेला असतो. हॉक आपल्या घोट्याशी जुळतो आणि त्याच्या मागे जे टोक बाहेर आलेले दिसते, ते आपल्या टाचेचे हाड होय. बाहेरून हा एकच सांधा वाटत असला, तरी आत एकावर एक अशा चार थरांत हाडे जुळलेली असतात. सर्वांत वरचा थर बिजागरीसारखा मोठ्या कोनात हलतो आणि पाय दुमडण्याचे जवळजवळ सगळे काम तोच करतो. खालचे दोन थर अगदी थोडे सरकतात. त्यांचे काम हादरा आणि पीळ झेलण्याचे आहे. संधिवात बहुतेक वेळा या खालच्या दोन थरांत होतो. तेथील कूर्चा झिजते, हाडांच्या कडांना टोके फुटतात आणि कधी कधी हॉकच्या आतल्या अंगाला, खालच्या बाजूस, हाताला टणक उंचवटा लागतो. घोड्यांच्या जुन्या जाणकारांच्या तोंडी यालाच 'हड्डा' म्हणतात. सांध्याच्या पुढच्या अंगाला येणारी मऊ, पाण्याची सूज म्हणजे 'मोतडा' ही वेगळी गोष्ट आहे. ती वरच्या थरातील वंगणद्रव वाढल्यामुळे येते आणि कित्येकदा घोडा तिच्यामुळे लंगडतही नाही.

ही रचना लक्षात ठेवण्याचे कारण असे, की पुढे काय होईल हे बरेचसे थरावर ठरते. खालच्या दोन थरांतील हाडे कालांतराने एकमेकांना जुळून सांधा बंद होऊ शकतो, आणि तसे झाले की दुखणे बहुधा उतरते. मुळात तेथे हालचाल थोडी असल्यामुळे ती गेल्याने चालीत फारसा फरक पडत नाही. मात्र हे आपोआप घडायला वर्षे लागतात, आणि काही घोड्यांत ते कधीच पुरे होत नाही. म्हणून 'आपोआप जुळेल' एवढ्या आशेवर कामाचा गाडा तसाच ओढत राहणे योग्य नव्हे. वरच्या, मोठ्या हालचालीच्या थरात झीज असेल, तर मात्र चित्र अधिक गंभीर असते. तेव्हा निदान ऐकल्यावर पशुवैद्यांना पहिला प्रश्न हाच विचारावा की, चारपैकी कोणता थर?

दुसरा प्रश्न छायाचित्राबद्दलचा आहे. छायाचित्रात दिसणारी झीज आणि प्रत्यक्षातले दुखणे यांचे प्रमाण नेहमी जुळत नाही. भयंकर दिसणाऱ्या हॉकवर काही घोडे निवांत चालतात, आणि छायाचित्रात किरकोळ बदल असलेले काही घोडे चांगलेच लंगडतात. म्हणून केवळ छायाचित्र पाहून हातपाय गाळू नयेत आणि केवळ छायाचित्र बरे आहे म्हणून घोड्याला ढोंगी ठरवू नये.

निदान पक्के करून घेणे

आमच्याकडे घोडा लंगडला की पायात काटा, खिळा किंवा वात, एवढी तीनच कारणे सांगितली जातात. त्यांपैकी काट्या-खिळ्याचा संशय आधी दूर करणे मात्र शहाणपणाचे आहे. घोडा अचानक, एका रात्रीत, पाय टेकवेनासा झाला असेल, तर ते बहुधा खुरात पू झाल्याचे किंवा चुकीच्या जागी खिळा बसल्याचे लक्षण असते. हॉकचा संधिवात असा एका रात्रीत येत नाही. तो महिनोन्महिने हळूहळू वाढतो. पावलाचे अंतर कमी होते, नालेचे पुढचे टोक लवकर झिजते, उतारावर घोडा बिचकतो, गाडी मागे ढकलताना मान वर टाकतो, पाठीवर हात फिरवला की अंग चोरतो. दोन्ही पाय सारखे दुखत असतील, तर तो लंगडत नाही, नुसता मरगळतो, आणि नेमके तेच आळस म्हणून खपून जाते.

तपासताना पशुवैद्य मागचा पाय सुमारे एक मिनिट घट्ट दुमडून धरतात आणि सोडल्याबरोबर घोड्याला दुडकी चालीने पळवायला सांगतात. या चाचणीत वरचा गुडघाही दुमडला जात असल्यामुळे तिच्यावरून केवळ संशय घेता येतो. खात्री हवी असेल, तर संशय असलेल्या सांध्यात भूल देणारे औषध टोचून लंगडणे कमी होते का, हे पाहावे लागते, आणि वेगवेगळ्या कोनांतून दोन्ही हॉकची छायाचित्रे घ्यावी लागतात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ही सगळी सोय असतेच असे नाही, परंतु सुरुवात तेथूनच करावी. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे. पुढच्या तपासणीसाठी रायगडकरांना परळ जवळ पडते. 1886 पासून चालत आलेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय तेथे आहे. घोड्याला टेम्पोतून इतक्या लांब नेणे हाच दुखऱ्या हॉकला ताप असतो, कारण प्रत्येक वळणाला आणि ब्रेकला तोल सांभाळण्याचे काम मागच्या पायांवर येते. म्हणून आधी दूरध्वनीवर वेळ ठरवावी, गाडीत वाळूवर पेंढ्याचा जाड थर घालावा आणि वाटेत थांबत जावे.

निदान झाले त्याच आठवड्यात एक गोष्ट अवश्य करावी. घोड्याला एकाच सपाट, कठीण जागी, सकाळी कामाला जुंपण्यापूर्वी, बाजूने आणि मागून चालवून मोबाइलवर चित्रफीत घ्यावी. दर पंधरवड्याला त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा घ्यावी. सोबत एका वहीत आखडलेली चाल किती मिनिटांनी मोकळी झाली, त्या दिवशी काय काम होते आणि कोणते औषध चालू होते, एवढे लिहावे. रोज पाहणाऱ्याच्या डोळ्याला हळूहळू होणारा फरक दिसत नाही. आम्ही दोन हंगाम फसलो ते यामुळेच.

औषधांचा उपयोग आणि त्यांची मर्यादा

वेदनाशामकांमध्ये घोड्यांसाठी फिनाइलब्युटाझोन हे सर्वांत रुळलेले औषध आहे. ते स्वस्त आहे आणि त्याने फरकही पटकन दिसतो, म्हणूनच त्याचा गैरवापर अधिक होतो. जास्त मात्रेने किंवा फार दिवस दिल्यास पोटात आणि मोठ्या आतड्यात व्रण पडतात, मूत्रपिंडांना इजा होते. घोडा कमी पाणी पीत असेल, तर हा धोका वाढतो, आणि आपल्याकडच्या घामट उन्हाळ्यात पाण्याकडे दुर्लक्ष व्हायला वेळ लागत नाही. दोन वेदनाशामके एकाच वेळी देऊ नयेत. या औषधाचे इंजेक्शन फक्त शिरेतूनच द्यायचे असते. ते शिरेबाहेर पडले तर तेथील मांस सडते. त्यामुळे 'मीच टोचतो' म्हणणाऱ्या परिचिताला नम्रपणे, पण ठामपणे नकार द्यावा.

डायक्लोफेनॅक हे दुकानात सहज मिळणारे औषध मात्र घोड्याला मुळीच देऊ नये. ते दिलेल्या जनावराचे मांस खाऊन गिधाडे मरतात, म्हणून जनावरांसाठी त्यावर भारतात 2006 मध्ये बंदी आली. माणसांसाठीची मोठी कुपी आणून जनावराला टोचण्याची पळवाट उरली होती, म्हणून 2015 मध्ये त्याच्या इंजेक्शनची कुपी 3 मिलिलिटरपुरती मर्यादित करण्यात आली. केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांवरही 2023 मध्ये जनावरांसाठी बंदी घालण्यात आली. हा विषय आपल्याला दूरचा नाही. म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या परिसरात पांढऱ्या पाठीची गिधाडे जपण्याचे काम झाले आहे. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित असल्याचे आढळले आहे, तेव्हा ते आपल्या घोड्याला चालेल का, हे पशुवैद्यांना विचारावे.

गोळ्यांच्या पुढची पायरी म्हणजे सांध्यातच स्टिरॉइडचे इंजेक्शन देणे. खालच्या दोन थरांसाठी हा उपाय बराच वापरला जातो आणि अनेक घोड्यांना काही महिने चांगला आराम पडतो. मात्र हे काम घोडे हाताळणाऱ्या पशुवैद्यांनी, केस कापून, जागा निर्जंतुक करूनच करावे. उघड्या पडवीत, कोंबड्यांच्या वर्दळीत ते करू देऊ नये. इंजेक्शननंतर एक-दोन आठवड्यांत घोडा एकाएकी पाय टेकवेनासा झाला, हॉक गरम होऊन सुजला किंवा ताप 38.5 अंश सेल्सिअसच्या वर गेला, तर सांध्यात जंतुसंसर्ग झाला असे समजून त्याच तासाला पशुवैद्यांना बोलवावे. उद्यावर टाकल्यास सांधा जातो. अंगाने जाड किंवा पूर्वी खुरांच्या आतील दाहाने आजारी पडलेल्या घोड्याला स्टिरॉइडमुळे तो दाह पुन्हा होण्याची भीती असते, म्हणून तो इतिहास आधी सांगावा. हायलुरॉनिक आम्लाची इंजेक्शने, हाडांची झीज मंदावणारी बिसफॉस्फोनेट गटातील औषधे आणि खालचे थर मुद्दाम जुळवून टाकण्याच्या शस्त्रक्रिया असे आणखीही उपाय आहेत, पण ते खर्चाचे आहेत आणि सर्वत्र उपलब्ध नाहीत. पोटातून देण्याच्या ग्लुकोसामाइनच्या पुड्यांसाठी भरवशाचा पुरावा फार कमी आहे. ते पैसे चांगल्या नालबंदाला द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता घरगुती सल्ल्यांविषयी. निदान गावात कळले की बिब्बा लावा, तापल्या लोखंडाने डाग द्या, असे सांगणारे येतातच. त्वचा जाळल्याने हाडाच्या आतली झीज थांबत नाही. घोडा काही आठवडे बरा वाटतो, कारण जखमेमुळे त्याला विश्रांती मिळते. श्रेय मात्र डागाला जाते. आमच्या शेजारच्या आजींनी बाळंतिणीसाठी केलेले डिंकाचे लाडू घोडीसाठी पाठवले होते. ते आम्ही आनंदाने स्वीकारले आणि घरातल्या माणसांनीच खाल्ले.

नाल

पायाचे टोक लांब आणि टाच खचलेली असली, की प्रत्येक पावलाला पाय उचलताना हॉकवर जास्त ताण पडतो. त्यामुळे नालबंदाला 'टोक आखूड ठेवा, नालेचा पुढचा भाग गोलसर करा आणि टाचेला मागे पुरेसा आधार मिळेल इतकी नाल लांब ठेवा' असे सांगावे. घसरू नये म्हणून नालेखाली उंच खुंट्या बसवण्याची पद्धत येथे टाळावी, कारण पाय जमिनीत रुतून अडकला की वळताना सगळा पीळ खालच्या थरांवर जातो. नाल दर पाच ते सहा आठवड्यांनी बदलावी. पावसाळ्यात खूर मऊ पडतो, तेव्हा नाल नसली तरी तासणी चुकवू नये. दुखऱ्या घोड्याचा पाय नालबंदाने फार वर आणि फार वेळ धरू नये. पाय खाली, मागच्या बाजूस सैल धरून, दर दोन मिनिटांनी जमिनीवर टेकू देत काम केले, तर आमची घोडी आता उभी राहते. तिचा हट्ट असा गेला. नाल ठोकण्याआधी वीस मिनिटे तिला चालवून आणावे, म्हणजे नालबंदाचेही काम सोपे होते.

पुळण, भरती आणि रोजची चाल

या दुखण्यात घोड्याला खुंटीला बांधून ठेवणे हा सर्वांत वाईट उपचार आहे. उभ्या घोड्याचे सांधे आखडतात, स्नायू गळतात आणि जे वजन स्नायूंनी पेलायचे ते हाडांवर येते. दिवसातून दोनदा, नियमित, सरळ रेषेत, पायचालीने चालवणे हे औषधापेक्षा कमी महत्त्वाचे नाही. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटे कोणतेही ओझे न देता चालवावे. गोल रिंगणात दोरीवर फिरवणे, जागच्या जागी वळवणे आणि एकदम थांबवणे या तिन्ही गोष्टी टाळाव्यात, कारण त्यांतून पीळ पडतो.

जमीन कोणती, हा प्रश्न किनाऱ्यावर भरती-ओहोटी ठरवते. कोरडी, भुसभुशीत वाळू मऊ वाटते, म्हणून ती दुखऱ्या पायाला बरी, असा सार्वत्रिक समज आहे; प्रत्यक्षात पाय रुतत असल्यामुळे हॉकला आणि कंडरांना (स्नायू हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांना) तेथे जास्त मेहनत पडते. पाणी नुकतेच ओसरलेली ओली, घट्ट पुळण ही आपल्याला मिळालेली उत्तम जमीन आहे. ती केव्हा मिळेल, याचा हिशेब कोळीवाड्यात लहान मुलांनाही येतो : पक्षातील तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास साधारण येतो आणि त्याच्या सुमारे सहा तास पुढे-मागे ओहोटी असते. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास आणि ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमारास असते. द्वितीयेला ओहोटी साडेसातला, तृतीयेला सव्वाआठला. म्हणजे या चार-पाच दिवसांत सकाळच्या थंड वेळी रुंद, घट्ट पुळण मिळते आणि चालवण्याचे मोठे फेरे याच दिवसांत ठेवावेत. अष्टमीला मात्र भरती सकाळी सहाला आणि ओहोटी भर दुपारी येते. भांगेमुळे, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीमुळे, पाणी तितके चढत नसले, तरी सकाळी उरते ती बहुतांशी कोरडी वाळू. त्या दिवसांत वाडीतल्या मातीच्या वाटेने किंवा डांबरी रस्त्याच्या कडेने, केवळ पायचालीने चालवावे. डांबरावर दुडकी नको. जांभ्याच्या उताराची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, तर कोणत्याच तिथीला नको.

अलिबागला ओहोटीच्या वेळी घोडागाडीतून पर्यटकांना कुलाबा किल्ल्यापर्यंत नेतात. ती वाट पाण्याखालच्या असमान खडकांची आणि शेवाळाची आहे. हॉकचे निदान झालेल्या घोड्याला सर्वांत आधी या फेऱ्यांतून मोकळे करावे. एक खुर खडकात निसटला, तर महिन्याची सगळी काळजी वाया जाते. गुडघ्याच्या खाली राहील इतक्या शांत पाण्यात, घट्ट तळावरून दहा मिनिटे चालवणे मात्र चांगले. पाण्याचा गारवा मिळतो आणि पाय उचलावा लागत असल्यामुळे सांधा मोकळा होतो. नंतर गोड्या पाण्याने पाय धुऊन कोरडे करावेत, कारण खारे पाणी सुकून त्वचा फुटली, की दुसरेच दुखणे मागे लागते.

वजन आणि चारा

वजन शिवणकामाच्या फितीने मोजता येते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्यावी. घेराला घेराने आणि मग लांबीने गुणून 11,880 ने भागले की साधारण किलो येतात. घेर 155 आणि लांबी 150 असेल, तर वजन सुमारे 303 किलो होते. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवताच हाताला लागाव्यात, इतपत अंग असावे.

काम कमी केल्यावर खुराक तेवढाच ठेवणे ही सर्वसाधारण चूक आहे, आणि ती प्रेमापोटी होते. कमी करायचे ते हरभरे, गूळ आणि भरड, चारा नव्हे. 300 किलोच्या घोडीला दिवसाला 4.5 ते 6 किलो सुका चारा लागतोच. आपल्याकडे तो बहुतांशी भाताचा पेंढा असतो, ज्यात कस कमी असतो, म्हणून त्याच्या जोडीला चांगले वाळलेले गवत किंवा हिरवा चारा हवा. पोट भरावे म्हणून गव्हाचा कोंडा वाढवत नेऊ नये. त्यात स्फुरद जास्त आणि कॅल्शियम कमी असते, आणि ज्याची हाडे आधीच दुखत आहेत त्याला हे असंतुलन परवडत नाही. मीठ आणि स्वच्छ पाणी कायम समोर असावे.

पावसाळा आणि त्यानंतरची दिवाळी

येथे आमच्या सर्वांत मोठ्या चुकीविषयी लिहितो. जूनमध्ये पाऊस लागला, किनारा ओस पडला, की घोडे तबेल्यात बांधले जातात. सप्टेंबर उलटेपर्यंत त्यांना कोणी फारसे बाहेर काढत नाही. मग दिवाळीच्या सुटीत एकाएकी दिवसभर गाडी. चार महिन्यांत गळलेले स्नायू, मऊ पडलेले खूर आणि वाढलेले पोट घेऊन घोडा त्या गर्दीला सामोरा जातो. निरोगी घोड्यालाही हे बाधते. हॉक झिजलेल्या घोड्याची त्या दोन आठवड्यांत जी हानी होते, ती पुढे उन्हाळ्यापर्यंत भरून येत नाही. आमच्या वहीतील सर्वांत वाईट नोंदी मुसळधार जुलैतल्या नाहीत, नोव्हेंबरातल्या आहेत.

म्हणून पावसातही चालवणे सोडू नये. सरीच्या उघडिपीत, दिवसातून दोनदा वीस वीस मिनिटे, शेवाळलेल्या जागा टाळून चालवावे. घोडा पावसाने विरघळत नाही. परत आल्यावर अंग पुसून पाठीवर आणि कमरेवर कोरडे पोते टाकावे. तबेल्याची जमीन हा तितकाच महत्त्वाचा भाग आहे. चिऱ्यांची फरशी दमट आणि कठीण असते, लादी निसरडी. मागे थोडा उतार देऊन ठासलेला मुरूम, त्यावर जुने रबरी पट्टे आणि वर कोरड्या भाताच्या तुसाचा किंवा पेंढ्याचा वीतभर थर असला, की घोडा आडवा होतो. उठताना सगळा जोर हॉकवर येत असल्यामुळे दुखऱ्या घोड्याला आडवे होणे नकोसे वाटते, आणि निसरडी जमीन त्याला पुरते परावृत्त करते. दावे इतके लांब असावे, की त्याला बसता आणि वळता यावे. ओल्यात उभे राहून खुरांच्या तळाला घाण वास येऊ लागला, तर रोज खूर कोरून कोरडे ठेवावेत.

नारळी पौर्णिमेनंतर तयारी सुरू करावी. आम्ही पाळतो तो क्रम असा : पहिले दोन आठवडे रिकाम्या अंगाने, दोन वेळा वीस मिनिटांची चाल; त्यापुढे दर तीन-चार दिवसांनी पाच मिनिटे वाढवत पाऊण तासापर्यंत; पाचव्या-सहाव्या आठवड्यात रिकामी गाडी, घट्ट पुळणीवर; त्यानंतर दोन माणसांची गाडी, एका दिवसाआड. सकाळची आखडलेली चाल दहा मिनिटांत मोकळी होत नसेल, तर त्या आठवड्यात पुढची पायरी घ्यायची नाही, मग दिवाळी चार दिवसांवर आली असली तरीही. एका वर्षी आम्ही दिवाळीत घोडी बाहेर काढलीच नाही. घरात कुरकुर झाली, पण नाताळात ती चालली आणि मे महिन्यातही चालली.

किती काम, आणि कुठवर

ओढकाम करणाऱ्या जनावरांना क्रूरतेपासून वाचवण्यासाठी केलेल्या 1965 च्या नियमांनुसार गाडी ओढणाऱ्या जनावराकडून दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, गाडीत चालक आणि सहा वर्षांखालील मुले सोडून चारपेक्षा अधिक माणसे बसवता येत नाहीत, आणि तापमान 37 अंशांवर गेलेल्या भागात दुपारी बारा ते तीन जुंपता येत नाही. या मर्यादा धडधाकट जनावरासाठी आहेत. संधिवात असलेल्या घोड्यासाठी त्यांच्या निम्म्यापासून सुरुवात करावी आणि वही सांगेल त्याप्रमाणे खाली यावे. आजारामुळे कामास अयोग्य झालेल्या जनावराला जुंपणे हा प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या 1960 च्या कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हाच आहे, तेव्हा वेदनाशामक देऊन त्याच दिवशी गाडीला जोडणे हे कायद्यातही बसत नाही. गोळी दिलेल्या घोड्याला दुखत नाही, म्हणून तो स्वतःला सांभाळतही नाही. झीज त्या दिवशी सर्वाधिक होते. वेदनाशामकाचा दिवस हा हलक्या चालीचा दिवस, हा नियम आम्ही तबेल्याच्या दारावर खडूने लिहून ठेवला आहे.

गाडी झेपेनाशी झाली, की लहान मुलाला पाठीवर घेऊन घट्ट पुळणीवर संथ चक्कर, हे काम काही घोडे आणखी काही वर्षे आनंदाने करतात. तेही सोसेनासे झाले, तर निव्वळ सांभाळायचे. घोडा खाणे टाकू लागला, दिवसच्या दिवस आडवा होईना किंवा आडवा झाल्यावर उठेना, आणि औषधानेही त्याच्या डोळ्यांतली वेदना उतरेना, तर पशुवैद्यांशी वेदनारहित मरणाबद्दल मोकळेपणाने बोलावे. त्यासाठी वापरलेले औषध शरीरात राहते, म्हणून ते शरीर खोल पुरावे लागते. पावसाळ्यात किनाऱ्यालगत खड्ड्याला हातभरावर पाणी लागते, तेव्हा उंचावरची जागा आधीच ठरवून ठेवलेली बरी.

घोडा विकायचा किंवा कोणाला सांभाळायला द्यायचा प्रसंग येतो, तेव्हा व्यापारी सकाळी येत नाहीत. चाल मोकळी झाल्यावर, दहानंतर येतात, आणि विकणाराही त्यांना तेव्हाच बोलावतो. आमची घोडी आता नात्यातल्या एका वाडीत आहे. ती देताना आम्ही त्यांना पहाटे बोलावले, तबेल्यातून निघतानाची तिची पहिली पन्नास पावले दाखवली, आणि घोडीसोबत छायाचित्रे, चार वर्षांची वही व नालबंदाचा दूरध्वनी क्रमांक दिला. दर पंधरवड्याची चित्रफीत आता तिकडून येते.